अठ्ठावीस दिवसांचा साहेब

बँकेत साहेब रजेवर गेले की त्यांच्या खुर्चीवर जो तात्पुरता बसतो, त्याला आम्ही 'ऑफिशिएटिंग' म्हणतो. खुर्ची तीच, पंखा तोच, पण घंटी वाजवल्यावर शिपाई येईलच याची खात्री नसते. महिनाभराने साहेब महाबळेश्वरचा जाम घेऊन परततात आणि हा गृहस्थ मुकाट्याने आपला डबा उचलून काउंटरवर येतो.

जगातल्या अशा ऑफिशिएटिंग साहेबांत माझ्या मते पहिला मान आयर्न शीकचा. म्हणजे आपल्या भाषेत पोलादी शेख! अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीचा हा नामांकित खलनायक. २६ डिसेंबर १९८३ ते २३ जानेवारी १९८४, मोजून अठ्ठावीस दिवस तो विजेतेपदाच्या खुर्चीवर बसला.

त्या कुस्तीबद्दल आधी थोडं सांगायला हवं. आपल्या कोल्हापूरच्या खासबागेत कोण जिंकणार हे कुस्ती संपल्याशिवाय कळत नाही. तिकडे निकाल आधी आणि परीक्षा मागाहून. एक नायक, एक खलनायक, आणि प्रेक्षकांनी घसा फुटेस्तोवर ओरडायचं. निळू फुल्यांना गावोगावच्या बायाबापड्या शिव्या देत, ती त्यांच्या कामाची पोच होती. शीकचंही तेच.

खरं नाव खोसरो वझिरी. जन्म इराणातला, १९४२ चा. तरुणपणी शहाच्या घराण्याचा अंगरक्षक होता. मग अमेरिका गाठली. १९७१ साली तिथल्या हौशी मल्लांच्या राष्ट्रीय स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं आणि १९७२ च्या ऑलिंपिकसाठी अमेरिकन संघाचा सहायक प्रशिक्षकही झाला. थोडक्यात, गडी खऱ्या कुस्तीतला एम.कॉम.! पण पदकं तारणावर ठेवून कोणी कर्ज देत नाही. तेव्हा त्याने डोक्याचा गोटा केला, मिशीला पीळ भरला, आणि आपल्या ऐतिहासिक नाटकांतले सरदार घालतात तसे टोक वर वळलेले बूट चढवले. इराणी तालमीतले भलेथोरले लाकडी मुद्गल तो फिरवून दाखवी. त्याचा हुकमी डाव 'कॅमल क्लच'. प्रतिस्पर्ध्याला पालथा पाडून पाठीवर बसायचं आणि हनुवटी धरून मागे ओढायचं. हे आसन आम्ही बँकवाले दरसाल मार्चअखेर करतो. फरक इतकाच, की आमच्या पाठीवर कोण बसलंय ते दिसत नाही.

नोव्हेंबर १९७९ मध्ये तेहरानच्या अमेरिकन वकिलातीतली माणसं ओलीस धरली गेली. त्यांतल्या ५२ जणांची सुटका व्हायला ४४४ दिवस लागले. त्यानंतर वझिरीला खलनायक होण्यासाठी वेगळे कष्ट उरले नाहीत. इराणचा झेंडा फडकवायचा, ''इराण नंबर वन'' म्हणायचं आणि अमेरिकेचं नाव घेऊन पचकन थुंकायचं, की काम झालं. गंमत बघा, ज्या शहाचं मीठ खाल्लं, त्यालाच हाकलणाऱ्या राजवटीच्या नावाने हा रोज शिव्या खात होता. पुढचा त्याचा जोडीदार निकोलाय व्होल्कॉफ तर युगोस्लाव्हियातली साम्यवादी राजवट सोडून पळून आलेला. तो रशियन बनून रोज सोव्हिएत राष्ट्रगीत गायचा! पोटासाठी माणूस कोणाकोणाच्या वतीने सही करतो!

आता ते अठ्ठावीस दिवस. बॉब बॅकलंड नावाचा सालस मल्ल १९७८ पासून विजेता होता. कंपनीला त्या जागी हल्क होगन बसवायचा होता. पण एका सज्जनाने दुसऱ्या सज्जनाला पाडलं तर टाळ्या कोणासाठी वाजवायच्या? आमच्याकडे यावर 'सस्पेन्स खातं' असतं. रक्कम इथून निघाली, तिथे जायची आहे, तोवर ठेवायची या खात्यात. वझिरी हे ते खातं. त्याने बॅकलंडला कॅमल क्लचमध्ये धरला. बॅकलंडने हार मानलीच नाही, त्याच्या मॅनेजरनेच टॉवेल फेकून कुस्ती सोडली. अठ्ठावीस दिवसांनी, त्याच मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, होगनने सहा मिनिटांच्या आत रक्कम आपल्या खात्यात जमा करून घेतली. 'होगनचा पाय मोड, एक लाख डॉलर देतो,' असा निरोप आपल्याला आला होता, असं वझिरी पुढे सांगत असे. खरा मल्ल होता, मोडू शकला असता. मोडला नाही. हरण्याचं काम त्याने इमानेइतबारे केलं.

पुढे १९८७ साली न्यू जर्सीत पोलिसांनी एक मोटार अडवली. आत वझिरी आणि त्याचा कट्टर वैरी, देशभक्त जिम डुगन, शेजारीशेजारी! अमली पदार्थही सापडले, पण खरा बोभाटा झाला तो मैत्रीचा. दोघांच्याही नोकऱ्या गेल्या. मॅनेजमेंट आणि युनियनचे पुढारी टेबलावर मुठी आपटून झाल्यावर एकाच टपरीवर कटिंग पितात, हे आम्हाला ठाऊक असतं. पण ते कोणी उघड बघायचं नसतं.

१९९१ साली तो परतला, तर इराकी कर्नल मुस्तफा बनून! इराण-इराक आठ वर्षं लढून नुकते थांबले होते. बदली नको त्या शाखेत होते हे ऐकून होतो, पण ही शत्रूच्याच शाखेत!

''अहो, पण सगळं खोटंच ना ते?'' आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या.

''अगं, हरणं खोटं. पडणं खरं.''

१ एप्रिल २००१ ला ह्यूस्टनमध्ये जुन्या मल्लांची एक झुंबड-कुस्ती झाली. वरच्या दोरावरून बाहेर पडेल तो बाद. जिंकला आयर्न शीक. का? तर म्हणे, गुडघे इतके गेलेले, की दोरावरून पडणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. आयुष्यभर हरण्याचा पगार घेतला आणि शेवटी हरण्याइतकेही गुडघे उरले नाहीत, म्हणून जिंकला!

इथे हसू थांबतं. व्यसनांनी त्याला पोखरलं होतं. २००३ साली त्याच्या तरुण मुलीचा खून झाला. त्या पडण्याला कोणी आधी ठरवलेला निकाल नव्हता, की टॉवेल फेकणारा मॅनेजर नव्हता. तरी हा माणूस उभा राहिला. २००५ साली कंपनीने त्याला आपल्या मानकऱ्यांत घेतलं. मान देण्यासाठी व्यासपीठावर होता सार्जंट स्लॉटर, एके काळचा हाडवैरी. २०२३ च्या जून महिन्यात वझिरी गेला.

होगनचं नाव पोराटोरांना पाठ असतं. अठ्ठावीस दिवसांचा साहेब मात्र कोणाला आठवत नाही. वर्षअखेरीस सस्पेन्स खात्यात शून्य शिल्लक दिसली की ऑडिटर खूश होतो आणि पान उलटतो. पण वर्षभर त्या खात्यातून काय काय गेलं, ते काउंटरवरच्या कारकुनाला विचारा. चहा सांगितलात तर तो सविस्तर सांगेल.