शाळेतून उठवलेलं लेकरू

"आमाला शाळंत बसू देत नव्हते, अन् तुम्ही बसलेलं लेकरू उठवून आणलं व्हय?"

लेकीला आम्ही दुसरीतून काढून घरी बसवलं, त्या आठवड्यात आई गावाहून आली आणि दारात चपला काढता काढता तिने हे विचारलं. आम्ही दोघंही एमए. एकाचं समाजशास्त्र, दुसऱ्याचं समाजकार्य. उत्तर तयारच होतं. मुलाच्या गतीने शिक्षण, घोकंपट्टीपासून मुक्ती, होमस्कूलिंग. आईने सगळं ऐकून घेतलं आणि चहा मागितला. गावच्या शाळेत ती चौथीपर्यंत दाराजवळ बसून शिकली. पुढे रोजगार हमीच्या कामावर गेली आणि त्या पैशावर आम्हाला शिकवलं.

काढायला कारण होतं. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांच्या लॉटरीत नंबर लागला तेव्हा आम्ही वस्तीत पेढे वाटले होते. शाळेचं नाव इथे देत नाही, कारण असा अनुभव एकाच शाळेचा नाही. पहिली बरी गेली. दुसरीत पुस्तकं वाटताना "आरटीईवाले उभे राहा" असं म्हणायची पद्धत सुरू झाली. मग बाकावरच्या मुलाने सांगितलं, "तुझी फी माझे पप्पा भरतात." डबा खाताना लेक एकटी पडू लागली. आम्ही भेटायला गेलो तर बाईंनी हसून सांगितलं, लहान मुलं आहेत, तुम्ही फार मनावर घेता. एका रात्री लेकीने झोपताना विचारलं, "आपण आरटीई आहोत का?" तिच्या तोंडी तो जातीचाच शब्द होता. दुसऱ्या दिवशी आम्ही तिला पाठवलं नाही. त्यानंतर कधीच नाही.

पुढची दीड वर्षं घरी. ती वाया गेली असं म्हणणं खोटं ठरेल. भाकरीचे तुकडे करून अपूर्णांक झाले, बसच्या तिकिटांवरून हिशेब झाला. सर्वेक्षणाला आमच्याबरोबर ती वस्त्या फिरली. ६ डिसेंबरला चैत्यभूमीजवळच्या पुस्तकांच्या स्टॉलवर तासभर बसून वाचत राहिली. तिची भीती गेली, पोटात दुखणं थांबलं. कायद्याचं म्हणाल तर शिक्षण हक्क कायद्याने मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य ठरवलंय, पण न घातल्यास पालकाला शिक्षा नाही. पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून परीक्षा देता येतात. वाट नव्हती असं नाही.

मग एक दिवस विहारातल्या अभ्यासिकेत नवी मुलगी आली. वस्तीच्या मागे पारध्यांची पालं आहेत, तिथली. ती सतरंजीवर लेकीच्या शेजारी येऊन टेकली. लेक जरा सरकली आणि मोठ्याने आम्हाला विचारलं, "ती आपल्यातली आहे का?"

अभ्यासिकेतली वीसेक मुलं आमच्याकडे बघत होती. आम्ही काहीतरी बोललो, सगळे आपलेच असतात वगैरे. घरी आल्यावर आमचं आपसात भांडण झालं, हे हिने कुठे ऐकलं म्हणून. ऐकलं आमच्याचकडून होतं. डॉक्टर आपल्यातला आहे. नवा तहसीलदार आपलाच माणूस आहे. भाडेकरू ठेवायचा तर आपल्यातला बघ. दिवसातून किती वेळा हा शब्द घरात उच्चारला जातो, ते त्या दिवशी मोजलं असतं तर बरं झालं असतं. दीड वर्षात लेकीला भेटलेलं प्रत्येक मूल चळवळीतल्या घरचं होतं. तिला २२ प्रतिज्ञा पाठ होत्या, पण पालातल्या मुलीशी काय बोलायचं ते माहीत नव्हतं. लोकांनी तिची जात विचारू नये म्हणून आम्ही तिला घरी आणलं, आणि घरात बसून ती दुसऱ्याची विचारायला शिकली.

होमस्कूलिंगवर कुणी शंका काढली की ठरलेलं उत्तर येतं. मुलं एकलकोंडी होत नाहीत, त्यांच्यासाठी ट्रेक असतात, फुटबॉल असतो, चित्रकलेचे क्लास असतात. खरं आहे. आमची लेकही एकलकोंडी नव्हती. पण या प्रत्येक ठिकाणी संगत आई-बाप निवडतात, आणि आई-बापांनी निवडलेल्या संगतीला आपल्या देशात फार जुनं नाव आहे. 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी १९३६ साली मांडलेला मुद्दा हाच आहे, की समाजातल्या गटांना एकमेकांशी संबंध यायच्या अनेक वाटा मोकळ्या हव्यात, नाहीतर लोकशाही फक्त कागदावर राहते. कोलंबियात ते ज्यांच्याकडे शिकले ते जॉन ड्युई शाळेबद्दल हेच सांगत होते. ज्याला आपण निवडलेलं नाही त्याच्या शेजारी बसायला लागणं, ही शाळेची खरी शिकवण. बाकी अपूर्णांक भाकरीवरही येतात.

आता इतिहास बघू. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. मुंबई सरकारने न्याय त्याच्या बाजूने आहे हे मान्य केलं आणि प्रवेश नाकारला. तो एक आत आला तर बाकीचे बाहेर पडतील आणि शाळा निरुपयोगी होईल, असा हिशेब होता. "आमची मुलं काढून घेऊ" हे हत्यार इतकं जुनं आहे. शाहू महाराजांनी १९१९ मध्ये कोल्हापूर संस्थानातल्या अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एकाच शाळेत बसवायचा हुकूम काढला, तेव्हा ते या धमकीला घाबरले नाहीत. अमेरिकेत मात्र व्हर्जिनिया राज्यातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने ती धमकी खरी करून दाखवली. १९५४ च्या ब्राऊन निकालात तिथल्या काळ्या विद्यार्थ्यांचा खटलाही होता. गोऱ्या-काळ्यांना एकत्र बसवण्याची वेळ आली तेव्हा, १९५९ मध्ये, काउंटीने सगळ्या सार्वजनिक शाळांना टाळं ठोकलं. गोऱ्यांच्या मुलांसाठी खाजगी शाळा उभी राहिली. काळ्यांची बहुतेक मुलं १९६३ पर्यंत शाळेविना राहिली.

म्हणजे मूल घरी शिकवणारा प्रत्येक पालक त्या गोऱ्यांच्या पंगतीतला, असं आम्ही म्हणतोय का? नाही. अमेरिकेच्याच जनगणना विभागाचा आकडा आहे. २०२० च्या उन्हाळ्याआधी काळ्या कुटुंबांपैकी ३.३ टक्के होमस्कूलिंग करत होती, त्याच वर्षाच्या अखेरीकडे १६.१ टक्के. करोना हे कारण होतंच. पण आपल्या मुलाला जास्त शिक्षा होते, त्याच्याकडून अपेक्षाच ठेवली जात नाही, ही त्या आई-बापांची तक्रार करोनाच्या आधीपासूनची आहे. ती आम्हाला ओळखीची वाटते. वरचढाने दार बंद करणं आणि मार खाल्लेल्याने दाराबाहेर पडणं, ही एकच गोष्ट नव्हे.

तरीही आम्हाला सुभेदार रामजी आंबेडकर आठवत राहिले. ते स्वतः लष्करी शाळेत शिक्षक होते. भीमरावांचा अभ्यास ते घरी घेतच. घरच्या घरी शिकवायची ऐपत त्या काळात त्यांच्याइतकी कुणाची होती? साताऱ्याच्या शाळेत मुलगा घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळा बसतो, शिपाई नसला तर तहानलेला राहतो, हे त्या बापाला कळत होतं. त्यांनी घरचं शिकवणं शाळेच्या जोडीला ठेवलं, शाळेच्या बदल्यात नाही. याचा अर्थ आपणही पोरांना अपमान गिळायला पाठवावं असा कुणी काढू नये. "आम्ही सोसलं, तुम्हीही सोसा" म्हणणाऱ्यांशी आमचं भांडण आहे. त्या इंग्रजी शाळेतून लेकीला काढलं याचा आम्हाला आजही पश्चात्ताप नाही. चूक पुढच्या दीड वर्षात झाली.

चौथीला तिला वस्तीजवळच्या महापालिकेच्या शाळेत घातलं. मुख्याध्यापिकांनी कायद्याचं कलम ४ दाखवून वयानुसार वर्गात घेतलं, दाखल्यासाठी अडवलं नाही. वर्गात बौद्ध आहेत, मातंग आहेत, वडार, पारधी, उत्तर प्रदेशातून आलेल्या मुस्लिम कामगारांची मुलं, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मराठा मजुरांची दोन. खिचडीला सगळे एका रांगेत बसतात. पण समोरच्या टॉवरमधलं एकही मूल नाही. त्यांच्या पिवळ्या बस याच गेटवरून पुढे जातात.

हे बघितलं आणि होमस्कूलिंगचा प्रश्न आम्हाला वेगळाच दिसू लागला. घरी मुलं शिकवणारी कुटुंबं आपल्याकडे मूठभर. पण ज्यांना परवडतं त्या सगळ्यांनी आपली मुलं कधीच काढून घेतली आहेत. पन्नास हजार, लाख रुपये फीची शाळा म्हणजे आपल्यातल्यांसाठी बांधलेलं मोठं घरच. धारवाडला जी धमकी द्यावी लागली, ती आता द्यावीही लागत नाही. २५ टक्क्यांच्या जागा म्हणजे त्या घराच्या भिंतीला पडलेलं भोक. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून ते बुजवायला घेतलं होतं. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला सूट, असा तो बदल. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्या शाळेत आमच्या लेकीचं जे झालं ते झालं, तरी ते भोक बुजू नये याच मताचे आम्ही आहोत.

आणि मित्रांनो, टॉवरमध्ये आपलेही आहेत. जयंतीच्या स्टेजवरून मराठी शाळा बंद पडतात म्हणून गळा काढणाऱ्या किती जणांचं मूल त्या शाळेच्या पटावर आहे? आम्हीही हेच केलं. पहिला फॉर्म आम्ही लॉटरीचाच भरला, कोपऱ्यावरची पालिकेची शाळा बघायलासुद्धा गेलो नव्हतो.

या शाळेचं गोड चित्र रंगवायचं नाही. लेकीचं इंग्रजी मागे पडलं. शिक्षक सर्वेक्षणाच्या कामावर गेले की दोन वर्ग एकत्र बसतात. पहिल्याच महिन्यात ती दोन नव्या शिव्या शिकून आली. घरचा अभ्यास आम्ही रोज संध्याकाळी घेतोच. पालातली ती मुलगी आता तिच्या बाकावर असते. दोघींचं कंपासवरून कडाक्याचं भांडण झालं, चार दिवस अबोला होता, मग कसा सुटला ते आम्हाला सांगितलं गेलं नाही. आईने परवा फोनवर लेकीला विचारलं, शाळेत कुठं बसतीस? "मधल्या रांगेत," लेक म्हणाली. आईने तेच पुन्हा एकदा विचारून घेतलं.

कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, त्यातून आम्ही निवडून आलो आहोत. शनिवारी बैठक आहे. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नाही, तो पहिला विषय घेतलाय.

जयभीम.