घोडी आधी, मांड मागून

२०२३ च्या सप्टेंबरात हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या चौघांनी ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याकडून आखीव चाली करून घेण्याच्या प्रकारात, सांघिक सुवर्ण जिंकलं. अश्वारोहणातलं १९८२ नंतरचं पहिलंच. त्यात मुंबईचा हृदय छेडाही होता. चिखलीत घरी बसून मी ते पाहिलं आणि ठरवून मोकळा झालो, आपला प्रकार ड्रेसाज. चाळिशी ओलांडलेली, पेशा मास्तरकीचा, घोड्यावर कधी बसलेलो नाही. ते चौघं वर्षानुवर्षं युरोपात राहून शिकले, त्यांचे घोडेही तिथलेच, हे नंतर वाचलं. डिसेंबरात दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरली आणि मी घोडी घेऊनच परतलो.

घोडी मारवाडी, पंचकल्याण, रेवाल चालीची. विकणाऱ्याने हातात भरलेला पेला धरून तिच्यावरून फेरी मारली, थेंब सांडला नाही. मी तिथेच विरघळलो. रेवाल चालीत एका बाजूचा पुढचा-मागचा पाय जवळजवळ बरोबर पडतो, त्यामुळे पाठ हलत नाही आणि बसणाऱ्याला वाटतं की आपल्याला जमतंय. दुडकीत तिरके पाय जोडीने पडतात, त्या दोन ठेक्यांवर स्वाराला उठावं-बसावं लागतं. नवशिक्याची मांड बसते ती या उठबशीत, आणि ड्रेसाजच्या सगळ्यात खालच्या परीक्षेतही दुडकी असतेच. माझी घोडी दुडकी धरेचना. टाच मारली की रेवाल, जास्त मारली की चौखूर.

वजनाचाही विचार केला नव्हता. घोड्याने आपल्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्यापर्यंत ओझं वाहावं असं मानतात. साडेतीनशे किलोच्या घोडीला म्हणजे सत्तर. मी चौऱ्याऐंशी, वर खोगीर.

सर्वांत लाज वाटते ती लगामाची. घोडीबरोबर काटेरी लगाम आला होता, तोच चढवला. तोल गेला की माझे हात वर जायचे आणि लगाम खेचला जायचा. प्रत्येक वेळी ते काटे तिच्या तोंडात रुतत होते. एका सकाळी खरारा करताना तिने मला डोक्याला हातच लावू दिला नाही. ओठाच्या कोपऱ्यात चिरा पडल्या होत्या, फेसात तांबडं होतं. घोडी खोडील आहे असं मी चार लोकांना सांगून ठेवलं होतं.

ड्रेसाज जमत नाही म्हणून मी काय करावं? भाला घेतला! बारा जानेवारीला सिंदखेडराजाला जाऊन आलो होतो. जिजाऊंच्या गावची गर्दी, फेटे, घोषणा, आणि आपण त्याच जिल्ह्याचे म्हणून अंगात संचारलेलं. टेंट पेगिंगमध्ये भरधाव घोड्यावरून जमिनीत रोवलेली जेमतेम सहा सेंटिमीटर रुंदीची पट्टी भाल्याने उचलायची. फौजेतला खेळ, एका हातात लगाम, अंग झुकलेलं. ज्याला दोन्ही हातांनी लगाम धरून सरळ बसता येत नाही त्याने हा प्रकार निवडावा, याला काय म्हणावं ते वाचकांनी ठरवावं. मैदान म्हणून सोयाबीन काढलेलं मित्राचं वावर घेतलं. सोयाबीनमध्ये तुरीचं आंतरपीक होतं, तुरी कापून खुंटं तशीच उभी, आणि काळ्या मातीला मनगट जाईल एवढ्या भेगा. घोडी शहाणी, भेग दिसताच बाजूला उडाली. मी सरळच गेलो. खांद्याचं हाड मोडलं. पाय घोडीचा मोडला असता तर तिला कायमचं गमवावं लागलं असतं, हे हात गळ्यात बांधल्यावर सुचलं.

हाड जुळल्यावर पुण्याजवळच्या घोडेस्वारीच्या एका शाळेत राहून आलो. तिथे शर्यतीतून निवृत्त झालेल्या एका म्हाताऱ्या घोड्यावर बसवलं, रिकिबी काढून घेतल्या, लगामही दिला नाही. प्रशिक्षक मध्ये उभा, त्याच्या हातात लांब दोरी, घोडा भोवती दुडकीत, माझे हात कमरेवर. मी त्याला विचारलं, मला कोणता प्रकार योग्य? त्याने उलट विचारलं, ''तुमच्या गावात तुम्हाला बसलेलं पाहून चूक सांगणारं कोण आहे?''

होतं एक माणूस. नवरदेवाच्या घोड्या ठेवणारे चाचा. त्यांच्याकडे मी आजवर वरातवाले म्हणूनच पाहिलं होतं, घोडी आणताना विचारलंही नव्हतं. आता घोडी घेऊन गेलो तर त्यांनी तिच्या तोंडातला लगाम पाहिला आणि आधी तोच काढून फेकला. मग म्हणाले, ''सर, हिले दुडकी येत नाही अन् तुमाले मांड येत नाही. दोघं मिळून कोनाले शिकवता?'' त्यांनी मला त्यांच्या पांढऱ्या घोडीवर बसवलं. माझं मत असं की डीजेच्या भिंतीसमोर उन्हाळेच्या उन्हाळे न हलता उभी राहिलेली घोडी हे नवशिक्यासाठी जिल्ह्यातलं सर्वांत शिकलेलं जनावर आहे. अंगानेही ती भारी हाडाची, आणि दुडकी तिला झकास येते.

माझी मारवाडी घोडी रेवालची हौस असलेल्या एका हलक्या अंगाच्या पोराला विकली, पैशात मार खाल्ला. साधा लगाम मात्र बरोबर दिला आणि काटेरी माझ्याकडेच ठेवला.

आता चाचांच्या घोडीवरून पांदण रस्त्याने लांब, सावकाश रपेट करतो. एन्ड्युरन्स नावाचा प्रकार याच्या जवळचा. त्यात मोठी स्पर्धा १६० किलोमीटरची असली तरी हळू, छोट्या अंतराने सुरुवात करता येते. वाळूचं मैदान लागत नाही, आणि पांदणी आपल्याकडे मुबलक. फिरून आलो की घोडीच्या डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप लावून पंधरा सेकंद ठोके मोजतो, चारने गुणतो. विसाव्यात घोड्याचे ठोके मिनिटाला तीस-चाळीस असतात, मोठ्या स्पर्धांत पुढे जायला ते चौसष्टपर्यंत उतरावे लागतात. उन्हाळ्यात ते उतरायला वेळ लागतो, म्हणून मार्च लागला की सूर्य उगवायच्या आत परत.

भाचीला जंपिंग करायचंय. तिच्यासाठी घोडा पाहायचा नाही असं बहिणीला बजावलंय. सुट्टीत ती त्या पुण्याच्या शाळेत राहून येईल, मग बोलू. बांबू तेवढे आणून ठेवलेत, जमिनीवर पसरायला. ते उडीसाठी कधी उचलायचे हे मी सांगणार नाही, तिचा प्रशिक्षक सांगेल.