ओलीला वाट

वैशाख सरत आला की आगरदांड्याच्या जुन्या कौलारू घरांवर माणसं चढतात. एक जण आढ्याशी, एक वळचणीशी, आणि खाली अंगणात फुटकी कौलं बाजूला काढणारं कुणीतरी. एकेक कौल उचलायचं, त्याखालची माती, आंब्याची वाळकी पानं, उंदराने आणून ठेवलेल्या काड्या झाडून काढायच्या, कौल पुन्हा रिपेवर नीट बसवायचं आणि पुढच्याला हात घालायचा. ही शाकारणी. पावसाआधी घरावरून असा एकदा हात फिरला, की पुढचे चार महिने ओटीवर बसून पागोळ्या बघाव्यात.

मुरूडच्या दक्षिणेला, राजपुरीच्या खाडीकाठी हे गाव आहे. पलीकडच्या तीरावर दिघी, खाडीच्या तोंडाशी जंजिरा. इथल्या घराला पाणी तीन वाटांनी गाठतं. वरून अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, समुद्राकडून मिठाने भरलेला वारा, आणि जमिनीतून पायथ्याच्या चिऱ्यांत चढणारी ओल. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी, जंजिरा संस्थानाच्या काळात, ज्यांनी या किनाऱ्यावर घरं उभी केली, त्यांना या तिन्ही वाटा पाठ होत्या. त्यांनी जोतं उंच धरलं. भिंतीला जांभ्याचे चिरे घेतले, ते माती-चुन्यात बसवले. छपराला भरपूर उतार दिला आणि वळचण भिंतीपासून लांबवर नेली, म्हणजे पागोळी भिंतीच्या पायाशी न पडता अंगणात पडेल. पुढे पडवी काढली. पश्चिमेच्या अंगाला पावसाळ्यापुरत्या झावळ्यांच्या झडी बांधल्या. कोणताच भाग सुट्टा नव्हता. प्रत्येकाने पाण्याचा थोडाथोडा भार वाटून घेतलेला होता.

कौलं दक्षिणेकडून आली. बासेल मिशनने मंगळूरला १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, त्यामागोमाग तिथे इतर कारखाने उभे राहिले, आणि ही तांबडी, खाचांत खाच बसणारी कौलं समुद्रमार्गे कोकणच्या बंदरांत उतरू लागली. आजही शाकारणीत एखादं जुनं कौल पालथं केलं, तर पोटावर कारखान्याचं नाव ठसठशीत दिसतं. समुद्रातून आलेलं, मातीचं घडलेलं, आगीत भाजलेलं ते कौल शंभरेक पावसाळे अंगावर घेऊन अजून शाबूत असतं. हातात घेतल्यावर त्याविषयी आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

या घरांचं मला सर्वांत मोठं शहाणपण वाटतं ते असं, की त्यांनी पाण्याला पूर्ण बंदी कधी घातलीच नाही. जांभा भोकाभोकांचा दगड. खाणीतून निघताना मऊ असतो, तासता येतो, हवा लागली की टणक होतो. पण टणक झाला तरी त्याची भोकं बुजत नाहीत. आषाढात तो ओल पितो आणि दिवाळीनंतरच्या कोरड्या वाऱ्यात ती परत देतो. चुन्याचा गिलावाही तसाच, ओल आत घेणारा आणि बाहेर सोडणारा. कौलांच्या सांध्यांतून वारा माळ्यावर खेळतो. स्वयंपाकघरातल्या चुलीचा धूर वर चढून वाशांना कोरडं ठेवतो आणि किडीला दूर ठेवतो. सारवलेली जमीनसुद्धा ओल कोंडून ठेवत नाही. आलेल्या पाण्याला परत जायला वाट असली, की पाण्याने भिंत बिघडत नाही. ही वाट बुजली, की तेच पाणी तीच भिंत आतून खातं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. ताशी ११० ते १२० किलोमीटरचा वारा दुपारभर घोंघावत होता. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या तालुक्यांत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, आणि छपरांची कौलं वाऱ्याने उधळली. टाळेबंदीचे दिवस. मुंबईहून माणूस येणं अवघड, सामान मिळणं त्याहून अवघड. आठवडाभरात मोसमी पाऊस कोकणात दाखल झाला, आणि ज्या घरांनी आयुष्यभर पावसाकडे पाठ केली होती, त्यांच्या माजघरात, देवघरात, धान्याच्या खोलीत सरळ आभाळ उतरलं. वरचं छप्पर गेलं, की जांभ्याची भिंत माथ्याकडून पाणी पिते. सांध्यांतली माती ढासळते, तुळयांची भिंतीत रुतलेली टोकं भिजत राहतात. ते नुकसान वाऱ्याने एका दुपारी केलं नव्हतं, पावसाने पुढचे चार महिने केलं.

लोकांनी मिळेल ते छपरावर टाकलं. निळी ताडपत्री, पत्रे, कुठे झावळ्या. भिंतींवर सिमेंटचा गिलावा फिरवला. त्या घाईला कुणी नावं ठेवू नयेत. डोक्यावर पाऊस कोसळत असताना माणूस आधी लेकरांना कोरडं ठेवतो, भिंतीच्या प्रकृतीचा विचार नंतर. मात्र ती तात्पुरती मलमपट्टी पुढे कायमची झाली, आणि दु:ख तिथे आहे.

सिमेंटचा गिलावा बाहेरून कोरडा, गुळगुळीत दिसतो. त्याच्या मागे ओल अडकते. बाहेर पडायला वाट नाही म्हणून ती वर चढते. काल पायथ्याशी असलेला डाग कमरेपर्यंत येतो. ओलीबरोबर क्षार चालतात. जमिनीतले, खाऱ्या वाऱ्यातले, न धुतलेल्या वाळूतले, खुद्द सिमेंटमधलेही. पाणी उडून जातं तिथे क्षाराचे स्फटिक मागे राहतात, आणि ते स्फटिक वाढताना दगडाच्या कणांना आतून रेटतात. भिंतीवर पांढरी बुरशीसारखी पूड धरते, गिलावा फुगतो, ठोकला की पोकळ वाजतो, मग पापुद्र्यांनी गळतो. भिंतीला लोणा लागला, असं आपल्याकडे म्हणतात. घरमालक तो खरवडून पुन्हा सिमेंट लावतो, या खेपेला जास्त जाड. लोणा पुन्हा वर सरकतो.

याचा धडा मुरूडसमोर समुद्रात उभा आहे. शिवाजी महाराजांनी जंजिऱ्याच्या सिद्दीला शह देण्यासाठी कासा खडकावर बांधवून घेतलेला पद्मदुर्ग. त्याच्या तटाजवळ गेलं की नवल दिसतं: लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने दगड बोटभर, कुठे त्याहूनही खोल झिजले आहेत, आणि दोन दगडांमधला चुना मात्र तसाच पुढे आलेला, कड धरून उभा. त्या चुन्याच्या ताकदीचं कौतुक सगळेच करतात आणि ते करायलाच हवं. घराच्या दुरुस्तीला हात घालणाऱ्याने त्याच तटात आणखी एक गोष्ट वाचावी. दगडांना जोडणारा माल दगडाहून चिवट झाला, की सगळा मार दगड खातो. गडाच्या तटाला ते चालून गेलं, कारण तटाची जाडी अफाट आहे. दीड फुटांच्या जांभ्याच्या भिंतीला ते झेपत नाही. घराच्या भिंतीत सांधा दगडापेक्षा मऊ हवा. क्षार त्यातून बाहेर यावेत, झिजला तर तो झिजावा, दहा-वीस वर्षांनी उकरून नवा भरावा. चिरा वाचला पाहिजे. जांभ्याच्या सांध्यांत सिमेंट भरणं म्हणजे घरातल्या घरात पद्मदुर्गाची ती झीज मागवून घेणं.

मग भिजलेलं घर बरं कसं करायचं? आधी पाणी कुठून येतं ते शोधावं. छप्पर, पन्हळ, वळचण, आणि पायथा. कित्येक ठिकाणी रस्ता वर्षागणिक उंच होत गेला आणि जोतं जमिनीत बुडालं. अंगणाला काँक्रीट किंवा फरशीचे ठोकळे बसवले, तेव्हा अंगणात मुरणारं पाणी भिंतीकडे वळलं. भिंतीलगतची हातभर पट्टी उकरून तिथे खडी भरली आणि पाण्याला उतार दिला, तरी भिंतीचा निम्मा त्रास कमी होतो. त्यानंतर सिमेंट आणि तैलरंग उतरवावा, सांभाळून, छिन्नी दगडाला न लावता. आणि मग थांबावं.

हे थांबणं सर्वांत अवघड. जाड भिंत वाळण्याचा जाणकारांचा ढोबळ हिशोब महिन्याला एक इंच असा आहे. दीड फुटाची भिंत म्हणजे दीड वर्ष, आणि मध्ये पावसाळा येणारच. घाईने शेगड्या, हीटर लावून वाळवली तर पृष्ठभाग कोरडा पडतो, क्षार एकदम वर येतात, लाकूड तडकतं. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, वारा खेळू द्यावा. वर आलेला लोणा कोरड्या कुंच्याने झाडून लांब टाकावा, पाण्याने धुऊ नये, नाहीतर तो पुन्हा आत जातो. क्षार फार असतील तर मातीचा किंवा कागदाच्या लगद्याचा ओला लेप थापावा. वाळताना तो क्षार आपल्यात ओढून घेतो, मग तो काढून टाकायचा आणि गरज पडली तर दुसरा लावायचा.

भिंत वाळल्यावर चुना. भाजलेला चुना पाण्यात विझवून मुरत ठेवायचा, जितका जुना तितका चांगला. वाळू गोड्या पाण्याने धुतलेली घ्यायची, खाडीची खारी वाळू नको. गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायची आपली जुनी रीत आहे. गिलावा पातळ थरांत चढवायचा, प्रत्येक थर ओला ठेवून सावकाश पिकू द्यायचा, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा दगड होतो आणि हे एका दिवसात होत नाही. वर चुन्याची सफेदी. लाकडाचं तसंच. तुळईचं किंवा वाशाचं टोक कुजलं म्हणून अख्खा वासा फेकू नये. कुजका भाग कापून त्याला जुन्याच जातीच्या वाळलेल्या लाकडाचा सांधा द्यावा, काजूतेल पाजावं, आणि भिंतीत बसवताना टोकाभोवती हवेला जागा ठेवावी. कोंदलेल्या ओलसर जागी लाकूड कुजतं, वाऱ्यावर ते टिकतं.

समुद्राकाठी जुनी घरं सांभाळणाऱ्या सगळ्यांना हाच पेच पडलेला आहे. व्हेनिसच्या जुन्या घरांच्या पायथ्याशी इस्त्रियाचा पांढरा, घट्ट दगड बसवलेला असतो, खाऱ्या पाण्याला विटांपर्यंत चढू न देण्यासाठी. ४ नोव्हेंबर १९६६ ला तिथे भरतीचं पाणी १९४ सेंटिमीटरवर गेलं. आता समुद्राची पातळीच वाढल्यामुळे पाणी त्या दगडाची रेघ वारंवार ओलांडतं आणि मीठ विटांत वर वर चढतं. शतकांपूर्वीच्या गवंड्यांनी पाण्याची जी हद्द धरली होती, ती पाण्याने मोडली. आमच्या खाडीलाही हे लागू आहे. जोत्याच्या उंचीचा आजोबांचा अंदाज आपण पुन्हा एकदा तपासायला हवा.

तरी मला वाटतं, आगरदांड्याच्या घरांवरचं मोठं संकट वादळ नाही. ही घरं एकदा बांधली आणि संपली, असं कधी नव्हतं. ती दर वैशाखात थोडी थोडी बांधली जात होती. सरकलेलं कौल, उंबऱ्याशी लागू पाहणारी वाळवी, सफेदीत उठलेला पहिला डाग हे सगळं राहत्या माणसाच्या नजरेला आपोआप दिसतं. माणसं मुंबईला गेली, दारांना कुलपं लागली, चूल विझली, माळा थंड पडला, आणि एका सरकलेल्या कौलातून पडणारी धार पाच पावसाळे कुणी पाहिलीच नाही. निसर्ग वादळात जी घरं पार खचली, त्यांतली किती आधीच आतून भिजलेली असतील, याचा विचार मनाला चटका लावतो.

रेवस-रेड्डी सागरी महामार्गासाठी आगरदांडा आणि दिघी यांच्यामध्ये पूल व्हायचा आहे. त्याबरोबर पर्यटक येतील, जुन्या घरांना भाव येईल, काही घरांत पाहुण्यांसाठी खोल्या निघतील. हे वाईट नाही. ज्या घरात पुन्हा माणूस राहतो, ते घर वाचण्याची शक्यता मोठी. पण घर विकत घेणाऱ्याने आणि वारशाने मिळालेल्याने एवढं करावं, की गुळगुळीत भिंत आणि चकचकीत फरशी हा घर नवं झाल्याचा पुरावा मानू नये. चिऱ्याची भिंत दिसायला जरा खडबडीत, जरा ओबडधोबड राहील, पण पावसाळ्यात प्यालेलं पाणी ती उन्हाळ्यात परत देईल.

चुना मुरवणं जाणणारे गवंडी आणि जुन्या मापाची कौलं ओळखणारे शाकारणीचे कारागीर अजून या किनाऱ्यावर आहेत, पण त्यांच्या मुलांनी हे काम शिकावं इतकं काम त्यांच्या हाती नाही. शाळा काढून ही विद्या टिकणार नाही, पुस्तक लिहूनही नाही. घरमालकाने निरोप धाडला, मजुरी दिली, आणि भिंत वाळेपर्यंत धीर धरला, तर टिकेल. म्हणून ज्यांच्या नावावर या खाडीकाठी एखादं जुनं घर आहे, त्यांनी येत्या वैशाखात गावी यावं, कुलूप काढावं, आणि पहिला माणूस छपरावर चढवावा.