तुला काय कमी आहे?

सांगलीत विश्रामबागेतल्या एका वर्गात ती नर्सिंग झालेल्या मुलामुलींना जर्मन शिकवते. परवा धडा होता पेशंटशी बोलण्याचा. फळ्यावर तिने लिहिलं, ‘वास फेल्ट इनेन?’ जर्मन डॉक्टर रोज विचारतात तो प्रश्न, काय त्रास होतोय? कवठेमहांकाळहून एसटीने येणाऱ्या एका मुलीने शब्दाला शब्द लावला आणि मोठ्याने वाचलं, “तुम्हाला काय कमी आहे?”

वर्ग हसला. बाईंचा खडू फळ्यावर तसाच टेकलेला राहिला.

मुलीचं चुकलं नव्हतंच. ‘फेलेन’ म्हणजे उणं असणं, कमी पडणं. पण तेच वाक्य बाईंनी पूर्वी एकदा ऐकलं होतं, साताऱ्याजवळच्या घरात, चुलीपुढे. ती तेव्हा आठवीत होती. लग्नाला चार महिने झालेली आक्का माहेरी आली होती आणि दुधाच्या पातेल्याकडे बघत गप्प बसली होती. आईने दोनदा हाक मारली, मग म्हणाली, “तुला काय कमी हाय गं? सोन्यासारखं घर मिळालंय.” आक्काने पदराने धरून पातेलं उतरवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने सासरी गेली.

पातेलं जर्मनचं होतं. तिच्या कानावर पडलेला पहिला ‘जर्मन’ हाच. जर्मन सिल्व्हर हा तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू, त्यात चांदीचा कणही नसतो. आपल्या घरांनी मात्र ते नाव अॅल्युमिनियमला देऊन टाकलं. त्या पातेल्याच्या कडेला एक पोचा होता, आणि दूध ओतताना धार नेमकी तिथूनच बाहेर सांडायची.

पुढे पुण्यात भाषा शिकताना तिला सगळ्यात जवळची वाटली ती चतुर्थी विभक्ती. आपण ‘मला थंडी वाजते’ म्हणतो, जर्मन माणूसही ‘मिर इस्ट काल्ट’ म्हणतो, म्हणजे मलाच. तिथे सरळ ‘इष बिन काल्ट’ म्हटलं, तर मी थंड काळजाचा माणूस आहे असा अर्थ निघू शकतो. सोसणारा तिथेही ‘ला’ लावून येतो. तू आणि तुम्ही हा भेदही आहेच. मैत्रिणीला ‘वास फेल्ट दीर?’, परक्याला ‘इनेन’. ‘वास हास्ट डू?’ हा घरातला प्रश्न, शब्दशः ‘तुझ्याजवळ काय आहे?’ आणि ‘वास इस्ट लोस?’ यातला ‘लोस’ म्हणजे सुटलेलं, मोकळं झालेलं. काय सुटलंय, काय निखळलंय?

तिचा सर्वांत लाडका प्रश्न वेगळाच आहे. ‘वो ड्र्युक्ट डेअर शू?’ जोडा कुठे दाबतोय? हा शिकवायला तिला फार सोपा जातो. कोल्हापुरी चपलेच्या भौगोलिक मानांकनात कोल्हापूर, सोलापूर यांच्याबरोबर सांगली आणि साताराही आहेत, आणि नवी कोल्हापुरी चावते म्हणून तिला तेल लावायचं, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. चप्पल कुठे चावते ते घालणाऱ्यालाच कळतं, बघणाऱ्याला फक्त चाल बदललेली दिसते.

आक्काची चाल बदललेली घरात सगळ्यांना दिसली होती.

साताऱ्याने जर्मन बोली पूर्वीही ऐकलेली आहे. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा हिंदुस्थानातल्या जर्मनांना इंग्रजांनी नजरकैदेत टाकलं. बरेचसे पुरुष आधी अहमदनगरला आणि पुढे देहरादूनला गेले, तर काही कुटुंबांना पुरंदरावर आणि साताऱ्यात ठेवण्यात आलं. हे वाचल्यापासून तिच्या डोळ्यांसमोर सारखी एक बाई येते. नवरा शेकडो मैलांवर, तारेपलीकडे. पोर तापाने फणफणलेलं. ही त्याच्या उशाशी बसून विचारते, ‘वास हास्ट डू?’ आणि बाहेर अजिंक्यताऱ्यावर पाऊस कोसळतोय. या चित्राला पुरावा नाही, पण तिला ते पुसताही येत नाही.

आता उलटा प्रवास आहे. २०२४ साली महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, दहा हजार जणांचं उद्दिष्ट ठेवून. परिचारिकांना तिथे साधारण बी-टू पातळीपर्यंतचं जर्मन लागतं. तिच्या वर्गातल्या काहींनी मिरजेच्या वॉर्डांत काम केलंय. मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ साली तिथे रुग्णालय सुरू केल्यापासून मिरजेला लांबून पेशंट येतात, त्यामुळे ‘काय होतंय?’ आणि कानडीतलं ‘एनाय्तु?’ दोन्ही या मुलांच्या तोंडी असतं. म्हाताऱ्या माणसाच्या पायाशी बसून विचारायचं असतं हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. पाठ्यपुस्तकावर तिचा राग आहे तो इथे. पुस्तकातला पेशंट लगेच सांगतो, डोकं दुखतं, तीन दिवस झाले. खरा माणूस आधी म्हणतो, काही नाही.

आक्काही तेच म्हणाली असती. पण तिला ते म्हणण्याइतकीही जागा कुणी ठेवली नाही. आईचा राग नव्हता, भीती होती, हे बाईंना आज कळतं. आणि त्या रात्री पातेल्यातलं दूध दोघींत वाटून पिताना धाकटीनेही काही विचारलं नव्हतं. आठवीतल्या मुलीला तेवढं विचारता आलं असतं.

त्या दिवशी वर्गात तिने फळ्यावरचं ते वाक्य पुसलं नाही. त्याखाली मुलांकडून मराठी लिहून घेतलं: काय होतंय? कुठं दुखतंय? बरं वाटत नाही का? आज गप्प का? आणि सांगितलं, की जर्मनीत ‘वास फेल्ट इनेन?’ खुशाल विचारा, पण आपल्या घरात कुणी गप्प बसलं असेल तर त्याचं शब्दशः मराठी करून विचारू नका.

संध्याकाळी तिने आक्काला फोन लावला. “आक्का, काय होतंय का गं तुला?” पलीकडून आलं, “काय न्हाई.” ती थांबली. बऱ्याच वेळाने आक्का म्हणाली, दिवाळीपासून उजवा खांदा वर होत नाही, अजून कुणाला सांगितलं नाही. सोमवारी दोघी मिरजेला जाऊन आल्या.