पात्रता असेल तर

एफएसआय हा शब्द आमच्या चाळीत आता जयभीमच्या खालोखाल ऐकू येतो. नळावर बाया बोलतात, विहारासमोरच्या कट्ट्यावर पोरं बोलतात. शेजारची म्हातारी, जिला सही येत नाही, अंगठा उठवते, तीसुद्धा परवा मला म्हणाली, "बाबा, आपल्या वाटंचा एफएसआय कुठं गेला रं?"

च्यायला, सवाल बिनतोड होता. तिला जे उत्तर दिलं तेच इथं लिहून काढतोय. कारण आपली पोरं मोर्च्यात पुढं असतात, अ‍ॅट्रॉसिटीची कलमं त्यांना तोंडपाठ असतात, पण शहराच्या नियमावलीचं पान उलटायचं म्हटलं की जांभई येते. आणि आपलं घर, आपली भाकर त्याच पानावर लिहिलेली असते.

एफएसआय म्हंजे साधा हिशोब. जमीन शंभर फूट असेल आणि एफएसआय १.३३ असेल, तर बांधकाम एकशे तेहेतीस फूट. मुंबई बेटावर वर्षानुवर्षं हाच आकडा मूळ धरलेला. सरकारनं हा आकडा वाढवला की जमीन तेवढीच राहते, हवा वाढते. आणि मुंबईत हवा विकली जाते. सरकारनं कुणाला रोख पैसे दिले तर सभागृहात बोंब होते, पेपरात येतं. एफएसआय दिला तर तिजोरीतून दमडी निघत नाही, बोंबही होत नाही, आणि घेणाऱ्याच्या घरात कोटींनी रक्कम येते. शहराच्या विकासाला ‘प्रोत्साहन’ म्हणतात ते हे. त्याचा धाकटा भाऊ टीडीआर, १९९१ च्या नियमावलीतून आलेला. शाळेला, बागेला आरक्षित असलेली जमीन मालकानं पालिकेला दिली, तर मोबदला पैशात नाही, कागदात. त्या कागदावर दुसरीकडं बांधकाम करा, नाहीतर कागदच विका. तिसरी तऱ्हा प्रीमियमची. जादा बांधकामाबद्दल सरकारला भरायची रक्कम. करोनानंतर, जानेवारी २०२१ मध्ये, राज्य सरकारनं ही रक्कम वर्षभरासाठी निम्मी केली. धंद्याला उठाव यावा म्हणून. बदल्यात गिऱ्हाईकाची स्टँप ड्यूटी बिल्डरनं भरायची. त्याच टाळेबंदीत ज्यांची हातगाडी बंद पडली त्यांच्या चुलीला उठाव यावा म्हणून काय निम्मं केलं, ते मला कुणी सांगावं.

आता गिरणगावाकडं येतो. तिथं माझा बाप राबला.

बाप रिंग खात्यात. आमच्या माणसांचं तेच खातं. जास्त मजुरी साळखात्यात, साच्यावर. पण तिथं आम्हाला बंदी. कारण काय, तर धोट्यातली कांडी संपली की नवी घालताना सुताचं टोक तोंडानं ओढून काढावं लागायचं. महाराचं तोंड लागलेला धोटा मराठ्यानं तोंडाला कसा लावायचा? जात अशी सुताच्या टोकाएवढ्या जागेत बसलेली. वरून सांगायचे, हे काम कौशल्याचं आहे, यांना जमायचं नाही. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना ठणकावलं की साळखातं अस्पृश्यांना खुलं करण्याची मागणी घ्या. लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना ती गिळताना जड गेली. कामगार सगळा एक, हे भाषणात ठीक होतं.

बाप कामाला लागला तोवर कायदा बदलला होता, देश स्वतंत्र झाला होता, आणि बाप रिंगमध्येच होता. आधी बदली, मग पर्मनंट. कानात कापूस, केसात कापूस, छातीत कापूस. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात तोही. पुन्हा आत गेला नाही. तो सगळा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे. मला सांगायचंय ते संपानंतर जे कागदावर झालं त्याचं.

मुंबईत ५८ गिरण्या, जमीन सुमारे ६०० एकर. शहराच्या ऐन पोटात. या जमिनी गिरण्यांच्या म्हणून होत्या, काही भाडेपट्ट्यानं दिलेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ आला. मालकाला जमीन विकसित करायची तर तीन वाटे करा. एक पालिकेला, मोकळ्या जागेसाठी. एक म्हाडाला, घरांसाठी. एक मालकाला, त्यानं विकावा, बांधावा, आणि पैसा गिरणी सुधारायला, कामगारांची देणी भागवायला वापरावा. कागदावर वाईट नव्हतं. मालकांनी काय केलं? दोन वाटे सोडायचे म्हटल्यावर बहुतेक गप्प बसले. गिरण्यांची धुराडी थंड, कामगारांची देणी थकलेली. १९९६ साली चार्ल्स कोरियांच्या समितीनं या जमिनींचा एकत्र आराखडा करा म्हणून अहवाल दिला. तो तसाच राहिला.

मग २००१. सरकारनं विचार केला, मालक पुढं येत नाहीत, त्यांना गोडी लावली पाहिजे. नियम बदलला. वाटणी गिरणीच्या सगळ्या जमिनीची नाही, फक्त ‘मोकळ्या’ जमिनीची. बाकी वाक्य जवळजवळ तेच. दोस्तांनो, गिरणी आतून पाहिली असेल तर कळेल. गिरणीत मोकळं काय असतं? गेटाजवळचं चौक, तळं, धुराड्याभोवतीची थोडी जागा. उरलेलं सगळं शेड. शेडखालची जमीन वाटणीतून गेली. शेड पाडल्यावर ती मोकळी होते की नाही? मुंबई उच्च न्यायालय २००५ साली म्हणालं, होते, ती धरा. सर्वोच्च न्यायालय ७ मार्च २००६ ला म्हणालं, नाही, आधीपासून मोकळी होती तेवढीच धरायची. खेळ खलास. जिथं दोन-दोनशे एकर बागेला आणि घरांना येणार होते, तिथं लहानसा तुकडा हाती आला. २००५ मध्येच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळानं लोअर परळची मुंबई टेक्सटाईल मिल ७०२ कोटींना विकली होती. सरकारी गिरणी, लिलावात. बापानं आकडा पेपरात वाचला आणि मला विचारलं, "७०२ वर किती शून्यं?" मी सांगितली. तो बोटं मोडत राहिला.

एक शब्द. मोकळ्या. मनुस्मृती कुणी जाळली ते आपण दर २५ डिसेंबरला सांगतो, सांगायलाच पाहिजे. पण हा शब्द कुणी घातला, कधी घातला, ते आपल्या एकाही सभेत मी ऐकलं नाही. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यात कलम ३७ आहे. आराखड्यात बदल करायचा तर सूचना प्रसिद्ध करावी लागते, हरकती मागवाव्या लागतात. राजपत्रात छापून येतं, पेपरात आतल्या पानावर बारीक टाईपात येतं. बिल्डरचा माणूस ते रोज वाचतो. त्याचा त्यासाठी पगार असतो.

आणि आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

त्याच नियम ५८ मध्ये, गोडी लावणाऱ्या त्याच कागदात, एक पोटकलम आहे. गिरणीच्या जागेवर नवा उद्योग, ऑफिसं, आयटी असं काही आलं, तर तिथल्या नोकरीत त्या गिरणीच्या कामगाराला, नाहीतर त्याच्या घरातल्या निदान एकाला अग्रक्रम द्यायचा. पात्रता असेल तर. आणि भरतीच्या आधी अशा उमेदवारांना शिकवून तयार करायची जबाबदारी मालकाची किंवा विकासकाची. हे मी भाषणात ऐकलं नाही, स्वतः वाचलं. दोनदा वाचलं, कारण विश्वास बसेना.

धाकटा भाऊ तेव्हा बारावी होऊन टायपिंग, कॉम्प्युटर शिकून बसलेला. ज्या गिरणीत बाप राबला तिथं आता काचेचा टॉवर उभा होता. आम्ही बापाचा पास, प्रॉव्हिडंट फंडाची स्लिप, नियमाची झेरॉक्स घेऊन गेलो. गेटवर नाव लिहिलं, गळ्यात पट्टा अडकवला, चौथ्या मजल्यावर पाठवलं. गार हवा. एक पोरगी, बरी बोलली बिचारी, म्हणाली, "सर, हे आमच्या पॉलिसीत नाहीये. आम्ही इथं भाडेकरू आहोत." भाडेकरूनं मालकाकडं बोट दाखवलं, मालकाच्या ऑफिसनं विकासकाकडं. विकासकाकडचा माणूस झेरॉक्स वाचून हसला. "यात लिहिलंय ना, पात्रता असेल तर." भाऊ म्हणाला, शिकवायचं पण लिहिलंय खालच्या ओळीत. तो म्हणाला, हाउसकीपिंगला जागा आहेत, कंत्राटदाराला भेटा.

धोट्यावर तोंड लावता येत नाही म्हणून अपात्र, आणि आता इंग्रजी तोंड नाही म्हणून अपात्र. भाऊ कंत्राटदाराला भेटला. पोट होतं. बापाच्या रिंग खात्याच्या जागी जी फरशी आहे ती त्यानं दोन वर्षं पुसली. बाप पर्मनंट होता, भाऊ बारा तासांच्या पाळीवर, अकरा महिन्यांच्या कागदावर. शहराच्या हिशोबात ही रोजगारनिर्मिती.

आम्ही पालिकेला अर्ज दिला की या पोटकलमाखाली किती जणांना नोकऱ्या लागल्या ते सांगा. अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला, बांधकाम खातं म्हणालं आमचं काम इमारतीपुरतं, कामगार खात्याकडं जा. तपासणारा कुणी नाही. मालकाला मिळालेला एफएसआय इंचाइंचानं मोजला जातो, त्याचा नकाशा मंजूर होतो, त्यावर शिक्के बसतात. कामगाराला दिलेला अग्रक्रम मोजायला कुणाच्या हातात टेप नाही. अट मोडली तर ओसी रोखायची, एवढं जरी लिहिलं असतं तरी माणसं शिकवली गेली असती, मी सांगतो.

सरकारला हत्यार वापरता येत नाही असं नाही. आमची बीडीडी चाळच घ्या. १९२० च्या दशकात ती बांधली तेव्हा गोऱ्या साहेबानं मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागं एक रुपया कर बसवला होता, घरबांधणीला हातभार म्हणून. साहेबाला आमचं प्रेम नव्हतं, त्याला संपाची भीती होती. १६० चौरस फुटांची खोली, बाहेर सामायिक संडास, तुरुंगासारखी बांधणी. पण पैसा कापसावरच्या करातून आला. आज तीच चाळ पाडून ५०० फुटांचं घर मिळतंय, ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या. चांगलं झालं. १९७४ च्या दंगलीत ज्या चाळींनी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या, त्यांच्या नातवंडांना घरात संडास मिळाला, यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. फक्त पैसा कुठून येतो ते ध्यानात ठेवा. शेजारी उभे राहणारे विक्रीचे टॉवर हा तो पैसा. म्हणजे आमच्या जमिनीवरची हवा. म्हातारीच्या सवालाचं उत्तर हे.

इंदू मिलचं तर तुम्ही जाणताच. चैत्यभूमीला लागून १२ एकर. ६ डिसेंबर २०११ ला आनंदराज आंबेडकरांसोबत भीमसैनिक आत शिरले, ठाण मांडून बसले. ती जागा अर्जांनी मिळाली नाही, रेट्यानं मिळाली. २०१५ ला भूमिपूजन झालं. पण जमीन वस्त्रोद्योग महामंडळाची, तिचा मोबदला राज्यानं टीडीआरमध्ये द्यायचं ठरवलं. बाबासाहेबांच्या स्मारकाची जागासुद्धा शेवटी हवेच्या बाजारातूनच मोकळी करून घ्यावी लागली. तिथं आत शिरलेल्यांपैकी कितीजणांना हे ठाऊक आहे?

गिरणी कामगारांच्या घरांसाठी दीड लाखावर अर्ज पडलेत. २०१२ ला सोडत निघाली, पुढंही काही निघाल्या, घरं मिळाली ती थोड्यांना. बाकीच्यांना आता शेलू, वांगणीकडं बोट दाखवतात. परळमध्ये राबलेल्या माणसाला कर्जत लाईनवर घर. त्यावर मोर्चे झाले, होतायत. आपल्या पोरांनी त्यात असावं, पण मोर्च्याच्या आधी एक काम करावं. वॉर्डातल्या प्रत्येक जुन्या रिंगवाल्याच्या घरी जावं आणि त्याच्याकडं कागद काय आहेत ते बघावं. गिरणीचा पास, तिकीट नंबर, ईएसआयचं कार्ड, फंडाची स्लिप, पगाराची चिठ्ठी, काहीही. आमच्या माणसांचे कागद फार हरवतात. खोलीत पाणी शिरतं, पत्र्याची पेटी गंजते, म्हातारा मेला की पेटी भंगारात जाते. माझ्या मायनं बापाचा पास पंचशीलाच्या फ्रेमच्या मागं खोचून ठेवला होता, म्हणून वाचला. रविवारी सकाळी आमच्या चाळीच्या खाली टेबल टाकतोय. झेरॉक्सचे पैसे मंडळ देणार आहे. मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका, आमच्यासुद्धा.