पर्वती दिसते, सत्याग्रह दिसत नाही

बिबवेवाडीतल्या आमच्या वस्तीतून पर्वती रोज दिसते. तरी विहारातल्या अभ्यासवर्गाच्या बावीस मुलांपैकी एकालाही तिथे झालेला सत्याग्रह माहीत नव्हता. हे कळलं एका सहलीमुळे आणि एआयमुळे.

सहलीला माणशी पन्नास रुपयेच होते. सातवीतल्या एका मुलीने माझ्या मोबाइलवर एआयला विचारलं, "मुलांना एका दिवसात पुणे दाखवायचंय, कुठे न्यावं?" यादी लगेच हजर : शनिवारवाडा, लाल महाल, दगडूशेठ गणपती, केळकर संग्रहालय, पर्वती. वेळापत्रकासकट. मुलं खूश झाली. मी मात्र ती यादी पुन्हा वाचली.

दगडूशेठच्या अगदी समोर भिडे वाडा होता. १८४८ मध्ये जोतीराव-सावित्रीमाईंनी मुलींची शाळा सुरू केली ती जागा. जीर्ण झालेला वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडला गेला, तिथे राष्ट्रीय स्मारक व्हायचं आहे. एआय मुलांना रस्त्याच्या एका बाजूला नेतं आणि दुसरी बाजू सांगतच नाही. पर्वतीबद्दल लिहिलं होतं, पेशवेकालीन मंदिर, वरून शहर छान दिसतं. १३ ऑक्टोबर १९२९ ला शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज आणि त्यांचे सहकारी मंदिरप्रवेशासाठी याच पायऱ्यांवर गेले, त्यांच्यावर दगड पडले, याचा एक शब्दही नाही.

यंत्राला जात नसते, हे मान्य. पण ते ज्या लिखाणावर शिकतं, ते कोणी लिहिलं? शतकानुशतके लेखणी कोणाच्या हातात होती? पर्यटनाच्या पुस्तिका, प्रवासवर्णनं, वेबसाइट यांत जे पुणे वारंवार आलं, तेच यंत्राला 'पुणे' वाटतं. समाजशास्त्रात ज्याला आपण ज्ञानावरची मक्तेदारी म्हणतो, ती आता मुलांच्या खिशात येऊन बसली आहे.

मग मी स्पष्ट विचारलं, फुले-आंबेडकरी चळवळीचं पुणे सांग. तेव्हा गंज पेठेतला फुले वाडा आला, सेनापती बापट रस्त्यावरचं बाबासाहेबांचं संग्रहालय आलं. म्हणजे माहिती होती, न विचारता द्यायची नव्हती. पण पर्वतीच्या सत्याग्रहाला त्याने २ मार्च १९३० ही तारीख लावली. ती नाशिकच्या काळाराम सत्याग्रहाची! मुलांना विहारातल्या कपाटातून पुस्तक काढून तारीख शोधायला लावली. चूक पकडल्यावर आठवीतला मुलगा म्हणाला, "ताई, याला पण अभ्यास करायला लागतो." त्या दिवशीचा सगळ्यात चांगला धडा तोच होता.

आपले काही कार्यकर्ते म्हणतात, हे भांडवलदारांचं खेळणं, मुलांना लांबच ठेवा. त्यांची भीती खोटी नाही. मुलांची नावं, फोटो, पत्ते एआयला द्यायचे नाहीत, हा नियम आम्हीही केला आहे. पण छापखानाही आपल्या मालकीचा नव्हता, तरी बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढला. आपण लिहिलं नाही, तर यंत्र दुसऱ्यांचंच वाचत राहील.

शेवटी सहल अशी झाली : अप्परहून पीएमपीच्या बसने स्वारगेट, तिथून चालत फुले वाडा, मग भिडे वाड्याची जागा, परतताना पर्वतीचा पायथा. फुले वाड्यातल्या हौदापाशी मुलं बराच वेळ थांबली. १८६८ मध्ये जोतीरावांनी तो अस्पृश्यांसाठी खुला केला, एवढंच मी सांगितलं. एका मुलीने विचारलं, "मग त्याआधी आपण पाणी कुठे प्यायचो?" हा प्रश्न तिला कुठल्याही यादीने सुचवला नसता.

मित्रांनो, प्रत्येक विहारातल्या मुलांनी आपल्या भागातली एक जागा निवडावी. घरातल्या आजी-आजोबांना विचारावं, पुस्तकातून तारीख पडताळावी आणि मराठी विकिपीडियासारख्या खुल्या ठिकाणी आधारासह लिहावं. लिखाणाची भाषा नीट करायला एआयची मदत जरूर घ्या. खरं-खोटं मात्र आपणच ठरवायचं.

आमच्या मुलांनी पर्वती निवडली आहे. पहिलं पान लिहून झालंय. तारीख दोनदा तपासली आहे.

जय भीम!