मनमाडचे रूळ आणि आमचे नाना

मनमाड म्हटले की बहुतेकांना गाडी बदलण्याची घाई आठवते. मुंबईहून भुसावळकडे जाणारी मुख्य लाइन, दौंडची लाइन आणि मराठवाड्याची लाइन इथे एकत्र येतात. मराठवाड्याची लाइन पूर्वी मीटरगेज होती. औरंगाबाद, परभणीच्या माणसाला बोचकी डोक्यावर घेऊन इथे उतरावेच लागे. १९९० च्या दशकात तिथे ब्रॉडगेज आली आणि ती धावपळ थांबली. रेल्वेपुलांचे गर्डर तयार करणारे वर्कशॉप, दूरवर अंकाई-टंकाईचे किल्ले, अंगठ्यासारखा उभा हडबीची शेंडीचा सुळका आणि पाण्याची कायमची टंचाई, असे हे आमचे गाव.

पण आपल्या समाजासाठी मनमाडची ओळख वेगळी आहे. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद इथे भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्यांनी इथेच सांगितले. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच झिजतो. पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचेही काम करावे लागते, म्हणून तिथे त्याला सहसा घेत नाहीत. वर्कशॉपमध्ये तो हमालच राहतो. हे सारे बाबासाहेबांनी त्या परिषदेत मांडले.

आमचे वडील, म्हणजे नाना, १९६४ साली याच मनमाडला गँगमध्ये लागले. पुढे ते चावीवाला झाले. खांद्यावर हातोडा आणि पाना, हातात लाल-हिरवी झेंडी घेऊन ते रोज नांदगावच्या बाजूला आपल्या हद्दीच्या टोकापर्यंत चालत जायचे आणि दुसऱ्या रुळाकडे बघत परत यायचे. सुटलेली चावी ठोकायची, ढिला बोल्ट आवळायचा. रूळ तडकलेला दिसला तर आधी गाडी थांबवायची. उन्हाळ्यात रूळ तापून फुगतात, पावसाळ्यात खडीखालची माती वाहून जाते. पावसाळी रात्री गस्तीवर असले की आई कंदिलाची काच पुसून द्यायची आणि ते परत येईपर्यंत जागी असायची.

कामावरून आले तरी नाना बसत नसत. पाणी आले असेल तर हंडे भरायचे, नाहीतर सायकलला डबे अडकवून लांबून आणायचे. पगाराच्या दिवशी आधी किराणा, मग आमच्या वह्या, उरले तर स्वतःची विडी. शाळा त्यांनी चौथीपर्यंतच पाहिली होती, पण आमचे प्रगतिपुस्तक ते वरपासून खालपर्यंत बोट फिरवून वाचायचे. रेल्वेचा पास मिळाला की आम्हा सर्वांना नागपूरला दीक्षाभूमीवर नेत.

मात्र सहा डिसेंबरला ते कधी रजा मागत नसत. आई म्हणायची, "सगळी वस्ती चैत्यभूमीला चालली, तुम्हीच राहता." नाना म्हणायचे, "विदर्भातली आपली माणसं माझ्याच लाइनीवरून जातात. त्या दिवशी लाइन मीच बघणार." खच्चून भरलेली गाडी जाताना ते बाजूला उभे राहत. दारातली पोरे 'जयभीम' म्हणून ओरडत. नाना हिरवी झेंडी उंच करत.

एका गोष्टीचे मोल मात्र घराला द्यावे लागले. १९७१ साली थोरल्या भावाचे नाव शाळेत घालताना लोक म्हणाले, "हिंदू महार लिहा, पोराला पुढे रेल्वेत सवलत मिळेल." नाना म्हणाले, "माझ्या बापाने दीक्षा घेतली, ती नोकरीसाठी परत देऊ का?" आणि 'बौद्ध' लिहिले. त्या काळी केंद्राच्या नोकरीत बौद्धांना अनुसूचित जातीची सवलत नव्हती. भाऊ रेल्वेच्या भरतीला बसला, सवलतीवाचून मागे राहिला आणि नाशिकला कारखान्यात लागला. आई कित्येक दिवस नानांशी धड बोलली नाही. नानाही गप्प गप्प असायचे. पण धाकट्या बहिणीचे नाव घालायची वेळ आली तेव्हाही त्यांनी 'बौद्ध'च लिहिले. १९९० साली कायदा बदलला, बौद्धांना ती सवलत मिळाली आणि पुढे बहीण पोस्टात लागली. तिचा नेमणुकीचा कागद नानांनी आधी थोरल्याच्या हातात दिला. भाऊ म्हणाला, "नाना, बरोबर लिहिलं होतं तुम्ही."

नाना २००४ साली सेवानिवृत्त झाले आणि २०२२ साली गेले. गँगमनला आता ट्रॅक मेंटेनर म्हणतात. नाव बदलले, तरी ऊन तेच आहे आणि चालणेही तेच आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, मनमाडवरून जाल तेव्हा लेकरांना १९३८ च्या परिषदेची हकीकत सांगा. लाइनीच्या कडेला हातोडा घेऊन कोणी गाडीला वाट देत उभा दिसला, तर त्याला हात करा. नाना म्हणायचे, गाडीतून कोणी हात केला की पुढची चाल हलकी होते.